दोन पेन्सांचें डोकें

इंग्लंडांतील जुन्या खेड्यांचा इतिहास शोधूं लागलें म्हणजे राजेरजवाड्यांच्या चरित्रांपेक्षां चर्चच्या कारभाऱ्यांनीं ठेविलेल्या हिशेबाच्या वह्या अधिक उपयोगी पडतात. पॅरिश म्हणजे एका चर्चभोंवतीं नांदणारी वस्ती. तिचा कारभार पाहण्यासाठीं गांवकऱ्यांतूनच माणसें निवडलेलीं असत आणि वर्षअखेर त्यांना गांवापुढें हिशेब मांडावा लागे. घंटेचा दोर बदलला, छपराची डागडुजी केली, प्रार्थनेसाठीं पाव आणि मद्य आणलें, वाटसरू भिकाऱ्याच्या हातावर कांहीं ठेवलें, अशा नोंदींच्या मधूनच सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढें सुमारें अडीचशें वर्षें एक चमत्कारिक नोंद पुनः पुनः डोकावते. गांवच्या अमक्या इसमाला जाहकाच्या डोक्याबद्दल दोन पेन्स दिले, अशी ती नोंद. हे पैसे राणीच्या राज्यांतील एका कायद्याप्रमाणें दिले जात आणि त्या कायद्याचें नांव होतें धान्यरक्षणाचा कायदा. वास्तविक जाहक हा धान्याचा दाणाहि न खाणारा प्राणी. मग धान्याच्या रक्षणासाठीं त्याचें डोकें विकत घेण्याची बुद्धि एका शहाण्या राष्ट्राला कशी झाली, आणि त्या बुद्धीचें पुढें काय झालें, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम हा प्राणी कोणता, हें निश्चित केलें पाहिजे. कारण मराठींत त्याच्या नांवाचा बराच घोटाळा आहे. इंग्रजींतील 'हेजहॉग' या शब्दासाठीं आपल्याकडे पुष्कळदां 'साळिंदर' किंवा 'साळू' हा शब्द योजतात. पण साळिंदर हें उंदराच्या गोत्रांतलें, कुरतडणारें, कंदमुळें व पिकें खाणारें मोठें जनावर. हेजहॉग कीटक खाणारा असून नात्यानें तो उंदरापेक्षां चिचुंद्रीला जवळचा. अंगावर कांटे आहेत एवढ्यावरून दोघांना एक मानणें म्हणजे दाढी आहे एवढ्यावरून बोकडाला ऋषि मानण्यासारखें आहे. संस्कृत कोशांत त्याला 'जाहक' असा शब्द सांपडतो. तोच येथें वापरला आहे. प्राचीनांना हीं दोन जनावरें वेगळीं ठाऊक होतीं असें दिसतें. रामायणांत वाली रामाला कोणते पंचनख प्राणी भक्ष्य ते सांगतो, त्या यादींत 'शल्यक' आणि 'श्वाविध' अशीं दोन कांटेरी जनावरें निरनिराळीं मोजलीं आहेत. मनुस्मृतींतहि तीं दोन्हीं आहेत. त्यांतला जाहक कोणता याविषयीं मात्र विद्वानांत एकमत नाहीं. भारतांतहि जाहक आहेत. गुजरात-राजस्थानच्या कोरड्या प्रदेशांत लांब कानांचा एक आणि फिक्या रंगाचा एक, अशा दोन जाति आढळतात. तिसरी दक्षिणेंत तमिळनाडूच्या बाजूस आहे. फिक्या जाहकाचें शास्त्रीय वर्णन कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे व्यवस्थापक एडवर्ड ब्लाइथ यांनीं १८४६ सालीं केलें. परंतु ज्याच्यावर खटला चालला तो पश्चिम युरोपांतला तपकिरी जाहक. लिनीयसनें १७५८ सालीं त्याला 'एरिनेशस युरोपियस' हें नांव दिलें, आणि पुढील सर्व हकीकत त्याचीच आहे.

हा प्राणी लांबीनें वीतभर, वजनानें किलोच्या आंतबाहेर. पाठीवर पांच ते सात हजार कांटे असतात. कांटा म्हणजे रूपांतर पावलेला केंसच होय. तो आंतून पोकळ व पडद्यापडद्यांचा असल्यामुळें हलका असून चिवट असतो. संकट आलें म्हणजे जाहक पळत नाहीं. त्याच्या कातडीखालीं पाठीच्या कडेनें एक गोल स्नायु आहे. बटव्याची नाडी ओढल्याबरोबर बटव्याचें तोंड मिटतें तसा तो स्नायु आवळला कीं डोकें, पाय, पोट सर्व आंत जाऊन बाहेर फक्त कांट्यांचा चेंडू उरतो. कोल्ह्यासारखा धूर्त शत्रूहि पुष्कळदां त्यापुढें हात टेकतो. जाहकाची दृष्टि मंद, पण घ्राणेंद्रिय तीक्ष्ण. रात्रीं तो बाहेर पडतो, नाक जमिनीला लावून फुसफुस करीत एक-दोन किलोमीटर हिंडतो, आणि भुंगेरे, सुरवंट, गांडुळें, गोगलगाई खाऊन पहांटे पाल्याच्या ढिगांत परततो. म्हणजे जी कीड शेतकऱ्याचा पाला आणि रोपें खाते, तिच्यापैकीं पुष्कळ कीड हा फुकट खाऊन टाकतो.

हिवाळ्यांत कीटक मिळत नाहींत, म्हणून तो झोपून जातो. ही झोप साधी नव्हे. शरीराचें ऊन ३५ अंशांवरून भोंवतालच्या थंडीबरोबर उतरत उतरत चार-पांच अंशांवर येतें. जागेपणीं मिनिटाला दीडशेंच्या वर पडणारे हृदयाचे ठोके विसांच्या आसपास येतात. श्वास तर चालूं आहे कीं नाहीं अशी शंका यावी. शरद्ऋतूंत सांठविलेल्या चरबीवर तो नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत निभावतो. उन्हाळ्यांत मादीला चार-पांच पिलें होतात. जन्मतेवेळीं पिलाचे कांटे फुगलेल्या कातडीखालीं दडलेले असतात, म्हणून आईला इजा होत नाहीं. थोड्याच तासांत कातडीचें पाणी ओसरून मऊ पांढरे कांटे वर येतात. असा हा निरुपद्रवी, एकलकोंडा, निशाचर प्राणी. तो रात्रीं हिंडतो आणि दिवसा दिसत नाहीं, हेंच त्याच्या दुर्दैवाचें मूळ ठरलें. जें डोळ्यांनीं पाहतां येत नाहीं तें मनुष्य कल्पनेनें पुरें करतो.

ही कल्पनेची भर फार जुनी आहे. इ. स. पूर्वीं चौथ्या शतकांत अॅरिस्टॉटलनें लिहून ठेवलें आहे कीं, वारा उत्तरेचा कीं दक्षिणेचा हें ओळखून जाहक आपल्या बिळाचें तोंड बदलतो, आणि बायझँटियम येथील एक गृहस्थ त्यावरून हवामानाचें भाकीत सांगून मोठी कीर्ति मिळवून बसला होता. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियसच्या स्फोटाच्या वेळीं मरण पावलेला रोमन ग्रंथकार प्लिनी याच्या सृष्टिज्ञानाच्या ग्रंथांत जाहक जमिनीवर पडलेल्या सफरचंदांवर लोळून तीं कांट्यांना टोंचून घेतो व हिवाळ्याची बेगमी म्हणून घरीं नेतो, अशी गोष्ट आहे. जाहक कसलीहि बेगमी करीत नाहीं. त्याची बेगमी कातडीखालच्या चरबींत असते. तरी हें चित्र इतकें गोजिरवाणें कीं मध्ययुगांतील चित्रकारांनीं आपल्या पोथ्यांत तें हौसेनें रंगविलें आणि १६०७ सालीं एडवर्ड टॉपसेल यानें इंग्रजींत चतुष्पादांचा ग्रंथ लिहिला, त्यांतहि तें तसेंच उतरलें. दीड हजार वर्षांत एकानेंहि रात्रीं कंदील घेऊन सफरचंदाच्या झाडाखालीं बसण्याची तसदी घेतली नसावी.

प्लिनीची दुसरी माहिती मात्र व्यवहारांतली आहे. रोमन लोक कापडाला लव काढण्यासाठीं जाहकाचें कांटेरी कातडें वापरीत. या मालाचा मक्ता कांहीं लोकांनीं आपल्या हातीं ठेवून इतकी लबाडी केली कीं या विषयावर सिनेटला वारंवार ठराव करावे लागले आणि जवळजवळ प्रत्येक प्रांतांतून बादशहाकडे तक्रारी आल्या, असें तो सांगतो. म्हणजे सरकारी दप्तरांत जाहकाचा प्रवेश इंग्लंडच्याहि फार पूर्वीं झाला. तेथें त्याची किंमत कातडीला होती. इंग्लंडांत ती डोक्याला आली.

ती कशी, हें समजण्यासाठीं सोळाव्या शतकांतील इंग्लंडची स्थिति ध्यानांत आणली पाहिजे. लोकसंख्या झपाट्यानें वाढत होती. १५४१ सालीं ती सुमारें २८ लाख होती, ती १६०१ पर्यंत ४१ लाखांवर गेली. धान्य महाग झालें, पीक बुडालें कीं उपासमार ठरलेली. अशा वेळीं राज्यकर्त्यांची नजर शेतांत शिरणाऱ्या प्रत्येक चोंचीकडे आणि दाढेकडे वळली. आठव्या हेन्रीनें १५३२ सालीं कावळ्यांच्या जातीच्या पक्ष्यांविरुद्ध कायदा केला. पुढें १५६६ सालीं एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दींत धान्यरक्षणाचा मोठा कायदा झाला आणि त्यांत उपद्रवी प्राण्यांची लांबलचक यादी किंमतीसह जोडली गेली. गांवांतील जमीनधारकांवर पट्टी बसवून निधि उभारावा. चर्चच्या कारभाऱ्यांनीं आणि गांवच्या सहा जणांनीं तो सांभाळावा. कोणी मारलेल्या प्राण्याचें डोकें घेऊन आला म्हणजे ठरलेले पैसे द्यावे. आणि तेंच डोकें दुसऱ्यांदा पुढें येऊं नये म्हणून समक्ष जाळून किंवा तोडून टाकावें. व्यवस्था चोख होती. मनुष्यस्वभावावर कायदे करणाऱ्यांचा फारसा विश्वास नव्हता, हेंहि तींतून दिसतें.

ही यादी वाचण्यासारखी आहे. कोल्हा किंवा बिज्जूसारखा बॅजर, बारा पेन्स. रानमांजर, विझल, कोंबड्या मारणारा पोलकॅट, प्रत्येकीं एक पेनी. घुशी-उंदरांच्या तीन डोक्यांस एक पेनी. आणि पाणमांजर व जाहक, प्रत्येकीं दोन पेन्स. म्हणजे कोंबड्यांचें खुराडें एका रात्रींत साफ करणाऱ्या पोलकॅटपेक्षां किडे खाणारा जाहक दुप्पट अपराधी ठरला! कणगींतलें धान्य खाणाऱ्या उंदराची किंमत तर पेनीचा तिसरा हिस्सा. त्या काळीं मजुराला दिवसाकाठीं सहा-आठ पेन्स मिळत. तीन-चार जाहकांचीं डोकीं म्हणजे एका दिवसाची मजुरी. आणि मजुरी करतांना घाम गाळावा लागतो, जाहक तर पळतहि नाहीं. ज्या युक्तीनें तो कोल्ह्यापासून वांचे तीच युक्ति त्याला माणसाच्या हातीं आयती देई. चेंडू होऊन बसलेल्या प्राण्याला काठीशिवाय दुसरें शस्त्र लागत नाहीं.

त्याच्यावर आरोप तरी कोणता होता? खेड्यांतील मुख्य आरोप असा कीं, रात्रीं कुरणांत गाई बसल्या असतांना जाहक येऊन त्यांच्या सडांना तोंड लावतो व दूध पिऊन जातो. सकाळीं गाय कमी दूध देई, किंवा सडाला जखम दिसे, आणि जवळपास जाहक सांपडे. एवढ्यावर निकाल लागे. या पुराव्याची छाननी करूं गेल्यास काय दिसतें? जाहकाचा जबडा इतका लहान कीं गाईचा सड त्यांत नीट मावत नाहीं. दांत अणकुचीदार, ते लागतांच गाय स्वस्थ बसणार नाहीं. शिवाय गाईचें दूध त्याला पचत नाहीं. त्यानें त्याला हगवण लागते. मग तो गाईंजवळ कां जाई? गाई जेथें बसतात तेथें शेण असतें, शेणांत भुंगेरे असतात, आणि दबलेल्या ओलसर गवताखालीं गोगलगाई. ज्या जागीं चोर दिसला त्या जागीं तो आपल्या जेवणाला गेला होता. कधीं भरलेल्या कासेंतून दूध आपोआप ठिबकतें, आणि तें गवतावरून एखाद्या जाहकानें चाटलेंहि असेल. पण त्यासाठीं त्याला दरोडेखोर ठरविणें न्यायाचें नव्हतें.

इंग्रज शेतकऱ्याच्या भोळेपणाला हंसण्याचें आपल्याला फारसें कारण नाहीं. महाराष्ट्रांतील खेड्यांत धामणीवर हाच आरोप आहे. धामण गाईच्या मागल्या पायांना वेटोळें घालते आणि कासेला तोंड लावून दूध पिते, असें शपथेवर सांगणारीं माणसें आजहि भेटतात. सापाला ओंठ नाहींत, त्यामुळें त्याला चोखतां येत नाहीं, आणि दूध हें त्याचें अन्नहि नव्हे. धामण जें खाते तें उंदीर. म्हणजे ती कणगीची राखणदार. तिकडे पिकांवरील कीड खाणारा आणि इकडे धान्यावरील उंदीर खाणारी, दोघांवर दूधचोरीचा एकच खटला, आणि दोहोंकडे शिक्षा काठीची. शेतकऱ्याच्या घरीं दूध आटणें ही लहान आपत्ति नव्हे. आटण्याचें खरें कारण चाऱ्यांत, रोगांत किंवा गाईच्या वयांत असतें. पण तें कारण काठीनें मारतां येत नाहीं. मारतां येईल असें कारण मनुष्याला हवें असतें. इंग्लंडांत अशा वेळीं चेटकिणीवरहि संशय जाई, आणि ती सशाचें रूप घेऊन दूध पिते असें लोक मानीत. शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ'मधील चेटकिणी जाहकाचा आवाज ही आपल्या कामाची खूण मानतात, आणि 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मधील पऱ्या राणीला निजवितांना सापांबरोबर जाहकांनाहि दूर राहण्यास बजावतात. कवीनें आरोप निर्माण केला नाहीं; लोकांच्या मनांत होता तो रंगभूमीवर आणला एवढेंच.

कायदा सर्वत्र सारखा अंमलांत आला नाहीं. कांहीं पॅरिशांनीं जाहकाकडे ढुंकूनहि पाहिलें नाहीं, तर कांहींनीं त्याचा सपाटा चालविला. रॉजर लव्हग्रोव्ह या निसर्गाभ्यासकानें ठिकठिकाणच्या या जुन्या वह्या तपासून 'सायलेंट फील्ड्स' हा ग्रंथ २००७ सालीं प्रसिद्ध केला. १६६० ते १८०० या काळांत सुमारें पांच लाख जाहकांच्या डोक्यांचे पैसे दिले गेले असावे, असा त्याचा अंदाज आहे. एका खोट्या समजुतीचा हा हिशेब. तो पै-पैसा लिहून ठेविला म्हणून आज आपल्याला दिसतो.

याच काळांत एक मनुष्य मात्र डोळे उघडे ठेवून पाहत होता. हँपशायरमधील सेल्बोर्न गांवचा धर्मोपदेशक गिल्बर्ट व्हाइट याच्या बागेंत जाहक पुष्कळ होते. १७८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'नॅचरल हिस्टरी ऑफ सेल्बोर्न' या पत्ररूप ग्रंथांत त्यांचें वर्णन आहे. नुकत्या जन्मलेल्या पिलांचे कांटे मऊ व पांढरे असतात, त्यांना अजून अंग गोळा करतां येत नाहीं, हिवाळ्यासाठीं जाहक पाला व शेवाळ यांचें ऊबदार घर करतो पण अन्न सांठवीत नाहीं, अशा साध्या गोष्टी त्यानें लिहिल्या. प्लिनीच्या सफरचंदांना त्याच्या बागेंत जागा नव्हती. गुडघे टेकून गवतांत पाहण्याचें काम एका पाद्र्यानें केलें, त्याच देशांत दुसऱ्या चर्चांचे कारभारी डोक्यांचे पैसे मोजीत होते! व्हाइटच्या ग्रंथानें कायदा बदलला नाहीं. एकोणिसाव्या शतकांत ही बक्षिसें हळूहळू बंद पडलीं, आणि १८६३ सालीं कालबाह्य कायद्यांची झाडलोट झाली तेव्हां हाहि कायदा रद्द झाला. जाहक निर्दोष आहे असा निकाल कोणी दिला नाहीं. खटलाच दप्तरांतून नाहींसा झाला.

यानंतर लोकांच्या मनाचा पालट पाहण्यासारखा आहे. कायदा रद्द झाल्यावर दोनच वर्षांनीं, १८६५ मध्यें, लुई कॅरोलची 'अॅलिस' आली. तींत क्रोकेच्या खेळांत जिवंत जाहक चेंडू म्हणून वापरतात आणि ते मधूनच उठून चालूं लागतात. १९०५ सालीं बीट्रिक्स पॉटरनें जाहकाची मादी नायिका करून तिला धुणें धुणारी, इस्त्री करणारी, एप्रन घातलेली म्हातारी बनविलें; हा 'मिसेस टिगी-विंकल' लहान मुलांचा गळ्यांतला ताईत झाला. दूध चोरणारा प्राणी दोन पिढ्यांत घरचा पाहुणा झाला, आणि त्याचें स्वागत कशानें करावें? लोकांनीं रात्रीं बागेंत बशी ठेवली, आणि त्या बशींत पाव कुसकरून दूध ओतलें.

दूध त्याला बाधतें हें वर आलेंच आहे. कित्येक दशकें प्रेमळ माणसांनीं त्याला प्रेमानें हगवण लावली. पूर्वज म्हणत, हा दूध पितो म्हणून मारा. वंशज म्हणाले, हा दूध पितो म्हणून पाजा. वैर सोडून प्रेम धरलें, पण वैराच्या पोटांतली चूक प्रेमाच्या पोटांत जशीच्या तशी राहिली. नागपंचमीला नागापुढें दुधाची वाटी ठेवणाऱ्या आपल्या लोकांचीहि गोष्ट निराळी नाहीं. द्वेष आणि भक्ति यांत अंतर पुष्कळ असलें तरी दोघांनाहि समोरचा जीव खरोखर काय खातो हें पाहण्याची गरज वाटत नाहीं.

मग जाहक सर्वथा निर्दोषच काय? तसें म्हणणेंहि सत्याला धरून होणार नाहीं. शिकारीसाठीं फेझंट आणि तित्तिर राखणारे रक्षक त्याला मारीत, तें तो जमिनीवरील घरट्यांतलीं अंडीं खातो म्हणून. आणि अंडीं तो मिळालीं तर खातो. मूळ भूमींत या अपराधाचें मान थोडें, कारण तेथील पक्षी आणि तो हजारों वर्षें एकमेकांशेजारीं वाढले आहेत. पण १८७० पासून वसाहतवाल्या इंग्रजांनीं घरची आठवण म्हणून आणि बागेंतली कीड खाईल म्हणून तो न्यूझीलंडला नेला. जेथें वटवाघळांखेरीज जमिनीवरचा सस्तन प्राणी मुळांत नव्हताच, तेथें जमिनीवर घरटीं करणारे पक्षी, सरडे व वेटा नांवाचे मोठे कीटक त्याच्यापुढें असहाय ठरले. आज तेथें तो उपद्रवी प्राण्यांत गणला जातो.

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील साउथ यूइस्ट बेटावर १९७४ सालीं बागेंतील गोगलगाई खाण्यासाठीं असेच मोजके जाहक सोडले. तेथें त्यांना शत्रु नव्हता. शेजारच्या बेटांपर्यंत पसरत त्यांची संख्या हजारोंवर गेली, आणि किनाऱ्यावरील गवताळ पट्ट्यांत घरटीं करणाऱ्या डनलिन, रेडशँक वगैरे पक्ष्यांची अंडीं नाहींशीं होऊं लागलीं. २००३ सालीं सरकारी निसर्गरक्षण खात्यानें जाहकांना पकडून मारण्यास आरंभ केला. लगेच प्राणिमित्रांनीं दुसरी मोहीम काढली : जो जिवंत जाहक आणून देईल त्याला बक्षीस! एके काळीं मेलेल्या डोक्याला जशी किंमत होती तशी आतां जिवंत जाहकाला आली. मुख्य भूमीवर नेलेले जाहक जगूं शकतात असें अभ्यासानें दिसून आल्यावर २००७ सालीं मारणें थांबलें आणि त्यांचें स्थलांतर सुरू झालें. या प्रकरणांत एक गोष्ट १५६६ पेक्षां वेगळी होती. या वेळीं आरोप करणाऱ्यांनीं घरटीं मोजलीं होतीं, आणि बचाव करणाऱ्यांनींहि नेलेले जाहक जगतात कीं मरतात हें तपासून पाहण्याचा आग्रह धरला होता. दोन्ही पक्ष भांडले, पण पाहून भांडले. म्हणून भांडणाला शेवट सांपडला.

ज्या इंग्लंडांत त्याचें डोकें विकलें जात होतें तेथें आज जाहकाची स्थिति काय आहे? दुसऱ्या महायुद्धानंतर धान्य वाढविण्याच्या धोरणानें शेतें मोठीं केलीं गेलीं आणि मधलीं जुनीं कुंपणें उखडलीं गेलीं. इंग्रजींत त्याच्या नांवांतच 'हेज', म्हणजे झुडपांचें कुंपण, आहे, तेंच गेलें. फवारणीनें कीटक कमी झाले. १५६६ सालीं धान्यासाठीं त्याचें डोकें घेतलें, विसाव्या शतकांत धान्यासाठींच त्याचें घर आणि जेवण घेतलें. या वेळीं मात्र कोणाच्या मनांत त्याच्याविषयीं वैर नव्हतें. रस्ता ओलांडतांना मोटारीचा आवाज आला कीं तो जुन्या संवयीनें जागच्या जागीं अंग आवळतो. ब्रिटनमध्यें रस्त्यांवर वर्षाला १,६७,००० ते ३,३५,००० जाहक मरतात, असा एक अंदाज २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. कायद्यानें एकशें चाळीस वर्षांत पांच लाख डोकीं विकत घेतलीं. चाकांखालीं तेवढीं थोड्या वर्षांतच जातात, आणि तीं कोणी विकत घेत नाहीं. २०२२ च्या एका अहवालाप्रमाणें २००० सालापासून ग्रामीण भागांतील त्यांची संख्या ठिकठिकाणीं ३० ते ७५ टक्क्यांनीं घटली आहे. २०२० सालीं ब्रिटनच्या सस्तन प्राण्यांच्या यादींत तो धोक्याच्या वर्गांत आला, आणि २०२४ सालीं जागतिक यादींतहि त्याची एक पायरी घसरली.

उलट बाजूहि आहे. १९८१ च्या कायद्यानें त्याला कांहीं प्रमाणांत संरक्षण मिळालें. गुरें अडविण्यासाठीं रस्त्यावर खोदलेल्या जाळीच्या खड्ड्यांत जाहक पडून मरतात, हें पाहून मेजर एड्रियन कोल्स यांनीं त्या खड्ड्यांत उतरंडी बसविण्याची खटपट केली आणि १९८२ सालीं जाहकरक्षणाची संस्था काढली. २०११ पासून शेजाऱ्याशेजाऱ्यांनीं बागेच्या कुंपणाला तळाशीं तेरा सेंटिमीटरचें चौकोनी भोंक ठेवावें, म्हणजे रात्रीं एका बागेंतून दुसऱ्या बागेंत त्याला जातां येईल, अशी मोहीम चालूं आहे. बशींत दुधाऐवजीं पाणी ठेवा, हें आतां तेथील मुलांनाहि शिकवितात. शहरांतील संख्या तरी सावरत आहे, असें त्याच २०२२ च्या अहवालांत म्हटलें आहे.

त्या जुन्या वह्यांकडे पुन्हां एकदां पाहिलें म्हणजे एक गोष्ट लक्षांत येते. लिहिणारे कारभारी अप्रामाणिक नव्हते. त्यांनीं डोकीं मोजलीं, पैसे दिले, शेवटीं बेरीज घातली. त्यांच्या वहींत खर्चाची बाजू अगदीं बिनचूक आहे. जमेची बाजू तेवढी कोणी लिहिली नाहीं : त्या प्रत्येक डोक्यानें रात्रभर गवत हुंगून पिकावरची किती कीड खाल्ली होती, तें. तें लिहिण्यासाठीं रात्रीं कंदील घेऊन शेतांत जावें लागलें असतें.